अक्काचं अर्धं तिकीट

सुगी आली की ती आधी माझ्या तळहातांना कळते. आता मी शेतात जात नाही, गुडघे जाऊच देत नाहीत. पण सुना ज्वारी उपटून संध्याकाळी घरी येतात, त्यांच्या लुगड्यांना वाळल्या पाल्याचा वास असतो, आणि तो नाकात गेला की माझे तळहात हुळहुळायला लागतात. ज्वारीच्या पाल्याची धार मोठी बारीक. उपटताना कापलेलं कळत नाही. भाकरी थापायला बसलं, कढत पाण्यात हात घातला, की मग चरचरतं आणि तोंडातून शिवी निघते.

आमचं खळं घराला लागूनच आहे. मधोमध तिवड्याचा खांब, त्याला बांधलेली बैलांची पात, बैलांच्या तोंडाला मुसकी. वारा सुटला की उफणणी सुरू होते आणि घरभर कोंडा होतो. घागरीत कोंडा, अंथरुणात कोंडा, पोरांच्या पापण्यांवर कोंडा. केम गावात मला जुनी कारभारीण म्हणतात. हे घर, हे खळं, ही माणसं सगळी माझी म्हणून मी इथं तोरा मिरवत वावरते. पण खरं सांगायचं तर यातलं काहीच माझ्यासाठी ठरलेलं नव्हतं. या घराची सून होती अक्का, माझी थोरली बहीण. लग्न तिचं झालं होतं या घरात. पहिल्या सुगीला ती नांदायला निघाली, केमच्या स्टेशनापर्यंत आलीसुद्धा, आणि तिथूनच परत गेली. कशापायी गेली हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू नका, नीट ऐका.

आमचे दादा म्हणजे वडील. सोलापूरच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. सात रस्त्याच्या अलीकडे आमची खोली होती, पुढं एक पडवी. दादांना विडी नव्हती, दारू नव्हती, तमाशा नव्हता. खाण्यापिण्यातही हात आखडत नसत. सणाला आमच्याकडं पुरणाला गूळ भरपूर असायचा. त्यांना नाद एकच, गाडीभाडं वाचवायचं. गाडीभाडं म्हटलं की त्यांच्या अंगाचा भडका उडायचा.

"लुगडं घेतलं तर घरात दिसतं," ते म्हणायचे. "भांडं घेतलं तर फळीवर दिसतं. गाडीभाडं दिलं तर हातात काय ऱ्हातं? पुठ्ठ्याचा तुकडा! आन त्यो बी उतरताना काढून घेत्यात!"

हे ऐकून चाळीतली माणसं पोट धरून हसायची, आणि त्यांचं डोकं बघून मनातून थोडी जळायचीही. कारण दादांना खाचाखोचा सगळ्या ठाऊक. कुर्डुवाडीकडं जायचं तर सोलापूरच्या स्टेशनावर कधी बसायचं नाही. पहाटे उठून पुढच्या बाळे स्टेशनापर्यंत चालत जायचं आणि तिथून गाडी धरायची, म्हणजे एका स्टेशनाचं भाडं वाचलं. चालताना वहाणा पायात नाही, हातात घ्यायच्या. नाहीतर भाडं वाचलं आणि तळ झिजले, मग काय मिळवलं? टांगा हा आजाऱ्यासाठी, आणि तोसुद्धा मरायला टेकलेला असेल तर. तीन वर्षांखालचं पोर गाडीत फुकट, म्हणून मी पाच वर्षांची होईतो तिनाच्या आतलीच होते. बाराच्या आतलं पोर अर्ध्या तिकिटात, म्हणून अक्का बारा वर्षांची व्हायचं नावच घेईना. आम्हाला त्यात गंमत वाटायची. तिकीटवाला आला की मी अंगठा तोंडात घालायची. दादा डोळ्यानंच शाबासकी द्यायचे, आणि बापाची शाबासकी कुठल्या लेकीला नको असते?

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? जिवंतपणी बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलायचं नाही, मग आम्ही बोलायचं तरी कधी?

अक्काचं लग्न ठरलं ते केमच्या तात्यांच्या मुलाशी. तात्या म्हणजे बारा-पंधरा एकरांचे धनी, डोक्याला सदा फेटा, बोलणं तोलूनमापून. तेव्हा नवा कायदा आला होता, चौदा वर्षांच्या आत पोरीचं लग्न लावलं तर दंड, वेळ आली तर तुरुंग. गावोगाव लोक भ्यायलेले. एकमेकांचं उट्टं काढायला भावकीला नवं हत्यार मिळालं होतं. शेजाऱ्याच्या सुनेचं वय काढून अर्ज टाकला की काम फत्ते. म्हणून तात्यांनी अक्काला चौदा पुरी होऊ दिली. दादांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथेवर सांगितलं तेव्हाच वैशाखात अक्षता पडल्या. आमच्याकडं रीत अशी, की सून पहिल्या सुगीला नांदायला जाते. खळ्यावर तिचा पाय लागला, तिनं पहिलं सूप उफणलं, की ती त्या घरची झाली. तोवर ती माहेरची पाहुणी. म्हणून अक्का तेवढे महिने आमच्याकडंच होती, अंगावर लुगडं, मनगटभर हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत. मी अकरा वर्षांची. दिवसातून दहा वेळा तिचा हात धरून बांगड्या वाजवायची. मला तिचा हेवा वाटायचा, साधासुधा नाही, रात्री झोप उडवणारा.

माघ लागला आणि तात्यांचा निरोप आला. अमक्या दिवशी सूनबाईला घेऊन या, गाडीबैल घेऊन स्टेशनावर येतो. आईनं डाळ-गूळ बांधला, लुगडं धुतलं, अक्काला न्हाऊमाखू घातलं. आणि निघायच्या पहाटे दादा अक्काला म्हणाले, "रखमे, लुगडं सोड. परकर घाल."

आईला वाटलं गंमत करताहेत. दादा गंमत करत नव्हते. अक्का अंगानं किडकिडीत, उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं मोठी. परकर-पोलकं घातलं, दोन वेण्या घातल्या, की बाराच्या आतली सहज खपली असती.

"आवो, सवाशीन हाय ती!" आई म्हणाली. "गळा मोकळा करून कुटं नेताय लेकीला?"

"केमात फाटकाच्या भाईर पडलो की घालंल परत. हाय काय त्यात!" दादा म्हणाले. "पोत दिसली की रेल्वे पुरं भाडं लावती. ती तर काडच."

"आन अपशकून?"

"अपशकुनाला पैसं पडत न्हाईत. तिकिटाला पडत्यात."

आई भिंतीला डोकं टेकून बसली. मग उठली आणि काढायला लागली. माझ्या आईला मी उभ्या जन्मात एवढंच करताना पाहिलं, आधी नाही म्हणायचं आणि मग करायचं. पोत काढली, जोडवी काढली. तेल लावून बांगड्या उतरवल्या; एक मात्र कशी ती निघेना. फोडायची म्हटलं तर आईच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. शेवटी तिच्यावर चिंधी गुंडाळली आणि हाताला लागलंय असं सांगायचं ठरलं. अक्कानं सगळं मुकाट्यानं करू दिलं. एकदाच म्हणाली, "दादा, तात्या उभं असत्याल की तितं. त्येंनी असं बघितलं तर?"

"फाटकाच्या आत कुनाला येऊ देत्यात व्हय!" दादा म्हणाले. "तू गप ऱ्हा. इचारलं तर धाकटी बोलंल, ती लई बोलकी हाय."

धाकटी म्हणजे मी, पाठराखीण म्हणून बरोबर जाणारी. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. एक तर बोलायचं काम माझ्याकडं आलं. दुसरं, अक्का परत माझ्यासारखी झाली होती. तिचा चुडा गेला, पोत गेली, मिरवणं गेलं. मी तिच्या वेणीला रिबीन बांधताना मुद्दाम कसली. ती आई गं म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं. आता हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं हे खरं आहे, तर ते का लपवू?

आई आली नाही. तिचं तिकीट कशाला, सासर लेकीचं आहे, असं दादा म्हणाले. दादांनी पैसे आणि अक्काची पोत एकाच फडक्यात घालून धोतराच्या कनवटीला गाठ मारली. आम्ही बाळ्याला चालत निघालो. माघातली थंडी, फुफाटा पायाला गार लागायचा. दुतर्फा ज्वारी उभी, कणसं दवानं ओली, कुठं कुठं काढणी लागलेली. अक्का मधूनच गळ्याला हात लावून बघायची. लग्न झाल्यापासून तिला पोत चाळवायची सवय लागली होती. हात रिकामा फिरला की ती तो पोलक्यावर पुसल्यासारखा करायची. मी पुढं उड्या मारत होते.

गाडीत गर्दी होती. कुणीतरी हुरडा भाजून आणलेला, त्याचा गोड करपट वास डबाभर. मोहोळ गेलं, माढा गेला, कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ उभी राहिली. तिकीट तपासायला कुणी आलं नाही. दादा खुशीत. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, कसं निभावलं!" अक्का खिडकीतून बघत होती. कुर्डुवाडी सुटल्यावर मला हळूच म्हणाली, "आता जवळ आलं. खळ्यावर गेल्यावर पदर डोक्यावरनं ढळला तर मला खुणव बरं." परकर घातलेली मुलगी पदराची काळजी करत होती. मी हसले.

केमला उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. फाटकात स्टेशनमास्तर तिकिटं गोळा करत उभे. वयस्कर, चष्मा लावलेला, कंटाळलेला माणूस. दादांनी एक पूर्ण आणि दोन अर्धी तिकिटं त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी बघितल्या न बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली. जा म्हणालेच होते. आमचा एक पाय बाहेर पडला होता.

आणि मी तोंड उघडलं. इतकं पाठ करून आणलेलं, कुणी विचारलंच नाही, तर ते वाया जाणार! मी मोठ्यांदा म्हणाले, "आमी दोघी अकराच्या हाय! आमी जुळ्या हाय!"

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. मला, मग अक्काला. त्यांना हसू आलं. "जुळ्या?" ते म्हणाले. "अहो, ही मोठी किती वर्षांची?"

"अकरा," दादा म्हणाले. "धाकटी सांगती की. दोगी बी अकरा."

"परत म्हना, पाव्हणं," मागून आवाज आला.

फाटकाच्या आत कुणाला येऊ देत नाहीत, हे दादांनी सोलापूरच्या स्टेशनावर बघितलेलं. केमला फाटक नुसतं नावाला! गावची माणसं फलाटावरच्या लिंबाखाली गप्पा मारत बसायची. तात्या तिथंच होते, फेटा बांधून, त्यांच्या भावकीतली दोघं बरोबर घेऊन. कुंपणापलीकडं बैलगाडी उभी होती, बैलांच्या पाठीवर झुली घातलेल्या, आणि कासरा धरून उभा होता अक्काचा नवरा. नव्या धोतरात, मान खाली घालून.

तात्या जवळ आले. अक्काला वरून खाली बघितलं. परकर बघितला, वेण्या बघितल्या, मोकळा गळा बघितला. अक्कानं पदर ओढायला हात डोक्याकडं नेला, पण पदरच नव्हता.

"माझी सून अकराची?" तात्या हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मग मागल्या वैशाखात म्या धाच्या पोरीशी लगीन लावलं व्हय माझ्या ल्योकाचं? भंडारा उचलून तुमी चौदा सांगितली व्हती. ह्ये मास्तर सरकारी मानूस. माझ्या भावकीतली दोगं हितं उभी हायत, उद्या अर्ज टाकाया त्येंना येळ लागायचा न्हाय. मला आत बसवायचा इचार हाय का तुमचा?"

"तसं न्हवं, तात्या," दादा म्हणाले. "ह्ये आपलं तिकिटापुरतं..."

"तिकिटापुरतं म्हंजी?" मास्तरांनी विचारलं. ते आता हसत नव्हते. पण माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. ते म्हणाले, "हे बघा, मला तुमच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. मुलगी पंधराची असेल तर उरलेले दहा आणे द्या आणि वर दंड भरा, मी पावती देतो, मिटलं. अकराची असेल तर तशाच जा. पण दोन्ही एकदम नाही चालायचं. एक काय ते सांगा."

तात्या म्हणाले, "सांगा पाव्हणं. हितंच सांगा, ह्या चौघांफुडं. पंधरा म्हना, आत्ता गाडीत बसवतो सुनंला. झालं गेलं इसरून जातो."

इतकं सोपं होतं. पंधरा म्हणायचं. पैसे होते, कनवटीलाच होते. मी दादांचा हात गाठीकडं जाताना बघितला. अक्कानंही बघितला. तिचा सगळा जीव त्या हातात गोळा झाला होता. गाठ सोडली असती तर आतून पैशांबरोबर पोतही निघाली असती, आणि ती तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात पडली असती. दादांची बोटं गाठीवर थांबली. मला वाटतं त्यांनी मनात बेरीज केली. दहा आणे, वर दंड, वर चोर ठरण्याची लाज. दुसऱ्या पारड्यात काय होतं? व्याह्याचा राग. आणि राग काय, फुकटात येतो, फुकटात जातो.

त्यांनी हात काढून घेतला. "अकराच हाय," ते म्हणाले.

मास्तरांनी तिकिटं खिशात टाकली आणि आत निघून गेले. तात्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "बरं. मग न्या माघारी. पोर न्हानी हाय. न्हान्या पोरीला नांदवायला मी काय येडा हाय व्हय!" त्यांनी मुलाला खूण केली. त्यानं कासरा ओढला, गाडी वळली. वळताना त्यानं एकदाच वर बघितलं, अक्काच्या चिंधी बांधलेल्या हाताकडं. अक्कानं तो हात पाठीमागं लपवला.

"रुसू दे," दादा म्हणाले. "व्याही रुसतोच. चार दिसांत येतंय बघ झक मारत."

परतीच्या गाडीला उशीर होता. आम्ही फलाटावर बसून आईनं बांधून दिलेला डाळ-गूळ खाल्ला, तो आता द्यायचा कुणाला? अक्कानं खाल्ला नाही. मी तिच्या वाटणीचाही खाल्ला. मग दादांनी त्याच मास्तरांकडून परतीची तिकिटं काढली, एक पूर्ण आणि दोन अर्धी. चेष्टा करत नाही मी. तिथं अकरा म्हणून सांगितल्यावर पूर्ण तिकीट काढतो कोण! आणि बाळ्याला उतरून चालत घरी आलो.

तात्या चार दिवसांत आले नाहीत. सुगी सरली, शिमगा झाला, पाडवा झाला. मग निरोप आला. मोकळ्या गळ्यानं माझ्या गावाच्या वेशीशी आली, ती सून मला नको. दादांनी त्या बाजूला जाणाऱ्या दोघांबरोबर सांगावा धाडला, स्वतः नाही गेले. जायला भाडं पडतं ना! पुढच्या उन्हाळ्यात काडीमोड झाली. मणी आमचे, ते परत द्या, असं तात्यांनी कळवलं, आणि दादांनी दिले. कागदावर अंगठा उठवताना अक्काचा हात स्थिर होता. मीच तिच्या अंगठ्याला शाई लावली.

पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता आला असता तिचा. आमच्यात पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. बघू, असं दादा म्हणाले. ते बघू शेवटपर्यंत संपलं नाही. कारण तोवर अक्का पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांकडं सुताच्या कांड्या भरायला लागली होती आणि घरात पैसे आणत होती. चाळीतली पोरं तिला अर्धं तिकीट म्हणायची. मीही एकदा भांडणात म्हणाले. तिनं मला मारलं नाही. कांडीवरचा धागा तुटला होता, तो बोटांनी वळून जोडला आणि चाकाला हात घातला.

त्यानंतर तिसऱ्या सुगीच्या आधी तात्या स्वतः आले. पडवीत बसले, पाणी प्याले. म्हणाले, ल्योक अजून तसाच हाय, दुसरीकडं जमंना, हे ना ते. थोरली नको म्हणालो, पण नातं नको कुठं म्हणालो? धाकटी द्या. धाकटी आता चौदा पुरी झाली असंल.

दादा लगेच हो म्हणाले. मांडव नको, मानपान नको, माणसं ओळखीची. त्यांना तर तो सौदा स्वस्तात पडला. आईनं नाही म्हटलं आणि मग तयारी केली. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. ते मला ठाऊक होतं, आणि अक्कालाही ठाऊक होतं. तिनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, बांगड्या भरताना माझा हात आपल्या मांडीवर घेतला. लग्न साधंच लागलं. माझ्या गळ्यात पडली ती पोत तिचीच. मणी तेच, फक्त दोरा नवा.

निघताना दादा टांगा घेऊन आले. सोलापूरच्या स्टेशनावरून आम्ही बसलो, बाळ्याचं नावसुद्धा निघालं नाही, आणि दादांनी माझं पूर्ण तिकीट काढलं. ते तिकीट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पुरं हाय बरं का. कुनी इचारलं तर दाखव." माणूस शिकत नाही असं कोण म्हणतं? माझे दादा शिकले. त्यांच्या शिकण्याची फी अक्कानं भरली.

मी खळ्यावर पाय ठेवला, पहिलं सूप मी उफणलं. कोंडा डोळ्यांत गेला, म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या भल्या होत्या. तात्या तर माझ्यावर जीव टाकायचे. बोलकी सून आहे म्हणायचे. नवऱ्यानं मला कधी दुखवलं नाही. पहिल्या सुगीच्या शेवटी, ज्वारीची पोती घरात आल्यावर, आम्ही दोघं रिकाम्या खळ्यावर बसलो होतो. हे कधी फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र अचानक म्हणाले, "एक इचारू? तुज्या बहिनीच्या हाताला काय झालं हुतं? चिंधी बांधली हुती."

तीन वर्षं. तीन वर्षं या माणसानं ते मनात ठेवलं होतं.

"काय न्हाय," मी म्हणाले. "भाजलं हुतं."

निघत नव्हती अशी हिरवी बांगडी होती, ती फोडायला आईचं मन झालं नाही, म्हणून झाकली होती, असं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या पोटात भीती बसली ती बसलीच. मुलं झाली, घर माझ्या हाती आलं, तात्या गेले, तरी ती हलली नाही. दिवाळीला मी माहेरी जायची ती एकटी, मुलांना घेऊन. हे पोचवायला येतो म्हणाले तर म्हणायची, शेत कोण बघंल?

आणि मग एका वर्षी, ज्वारी पोटरीत असताना, कणसं बाहेर पडायच्या आधी, अक्काचं कार्ड आलं. तिला लिहिता येत नव्हतं. चाळीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, त्यामुळं भाषा शाळेतली. तीन-चार ओळीच होत्या. तुझी आठवण येते. यंदाच्या सुगीला दोन दिवस येऊ का? फुकट बसणार नाही, खळ्यावर कामाला हात लावीन. मला ते घर एकदा बघायचं आहे.

हे मळ्यात गेले होते. कार्ड माझ्या हातात पडलं हे माझं नशीब, असंच मला तेव्हा वाटलं. मी ते चुलीत घातलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कुणाच्या हातापाया पडायला नको होतं. धाकट्याला मांडीवर थोपटत मी तिथंच उत्तर लिहिलं. इकडे सगळं ठीक. तू कशाला उगाच गाडीभाडं घालवतेस? सुगी झाली की मीच येऊन जाईन.

मी गेले नाही. आई नंतर सांगत होती, ते कार्ड चाळीतल्या बाईनं वाचून दाखवलं तेव्हा अक्का म्हणाली, "बरोबर हाय तिचं," आणि परत कांड्या भरायला बसली. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मला कळवलं ते दहाव्याच्या आदल्या दिवशी, आणि मी केमवरून निघेपर्यंत दहावाही होऊन गेला होता. तिनं हे घर बघितलं नाही. हे खळं बघितलं नाही.

सगळं दादांनी केलं, असं मी फार वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांच्या नावानं बोटं मोडली की मला झोप लागायची. पण ते कार्ड मी लिहिलं तेव्हा दादा मरून दोन वर्षं झाली होती.